नरसिंह, शरभ आणि गंडभेरुंड

म्हैसूर शहराच्या वायव्येस विजयनगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. तुंगभद्रेकाठच्या ज्या महानगराचे नाव तिने घेतले त्याच्याशी तिचा नात्याचा असा काही संबंध नाही. नगररचनाकारांनी आखलेले सरळ रस्ते, टप्प्याटप्प्याने पडलेली घरांची रांग, आणि संध्याकाळी चामुंडीच्या डोंगरावरून येणारा वारा, एवढाच तिचा इतिहास. परंतु तिच्या पहिल्या टप्प्यात योगनरसिंहाचे एक देऊळ आहे आणि १ जानेवारीच्या दिवशी त्या देवळापुढे जी रांग लागते ती पाहिल्यावर कोणालाही क्षणभर खऱ्या विजयनगराची आठवण व्हावी. त्या दिवशी भक्तांना लाडवांचा प्रसाद मिळतो आणि त्या लाडवांची गणती लाखाच्या घरात जाते.

एका वर्षी मीही त्या रांगेत उभा होतो. नरसिंह हे आमच्या घरचे कुलदैवत. नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर ज्यांचे कुलस्थान आहे अशी कुटुंबे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि बदलीच्या गावी गेल्यावर आपला देव तेथे आहे की नाही याची चौकशी ती आधी करतात. माझ्यापुढे शेजारचे एक वृद्ध कन्नड गृहस्थ उभे होते. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. रस्त्यावरून राज्य परिवहनाची बस गेली. तिच्या अंगावरच्या दोन तोंडांच्या पक्ष्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "राव, आत बसला आहे तो तुमचा कुलस्वामी, आणि बसवर बसला आहे तोही तोच. मधे फक्त एक भांडण झाले."

त्या भांडणाची कथा महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. आपल्याकडे हिरण्यकशिपूचे पोट फाडले की गोष्ट संपते. दक्षिणेत खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते.

दैत्य मेला, पण नरसिंहाचा क्रोध शमला नाही. ज्या कारणासाठी तो विक्राळ देह धारण केला ते कारण संपले; देह मात्र उरला. आता या देवाला आवरायचे कोणी? भागवताच्या सातव्या स्कंधात याचे जे उत्तर आहे ते मला सर्वांत सुंदर वाटते. देव दुरून स्तुती करतात, कोणाची जवळ जाण्याची छाती होत नाही, प्रत्यक्ष लक्ष्मीही त्या रूपापुढे बिचकते. शेवटी ब्रह्मदेव प्रल्हादाला पुढे पाठवतो आणि ते पोर निर्भयपणे पायांशी जाऊन लोटांगण घालते. राक्षसासाठी उगारलेला हात मुलाच्या मस्तकावर येतो.

शैव पुराणांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. लिंगपुराण आणि शिवपुराण यांच्या मते नरसिंहाला शांत करण्यासाठी शंकराने आधी वीरभद्राला पाठवले. सामोपचाराने काही साधेना तेव्हा शिवाने शरभाचे रूप घेतले: अंग सिंहाचे, पंख पक्ष्याचे, तीक्ष्ण चोच, पाय आठ. या पाखरू-श्वापदाने नरसिंहाला उचलून आकाशात नेले, निष्प्रभ केले, आणि त्याचे कातडे शिवाच्या अंगावर आले. वैष्णवांना हे रुचणे शक्यच नव्हते. त्यांच्यातील एका उत्तरकालीन परंपरेने कथा आणखी एक पायरी वर नेली: शरभ झडप घालणार इतक्यात नरसिंहानेच गंडभेरुंडाचे रूप घेतले आणि दोन चोचींनी शरभाला फाडले. शेजारच्या मास्तरांचे "भांडण" ते हे.

हे वाचून आधुनिक सुशिक्षित मनुष्य साहजिकच हसतो. दोन मुलांनी "माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा" म्हणून चढाओढ करावी तशी ही पंथांची चढाओढ आहे, असे म्हणून तो पुस्तक मिटतो. मीही पूर्वी तसेच समजत असे. परंतु या प्राण्यांचा माग काढू लागले म्हणजे त्यांची गोष्ट इतकी साधी राहत नाही. कारण हे दोन्ही प्राणी भांडणापेक्षा जुने आहेत.

शरभ हा आधी देव नव्हताच. महाभारतात तो रानात राहणारा, आठ पायांचा, सिंहांना मारणारा पशू आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका कुत्र्याची गोष्ट सांगतात. ऋषीच्या आश्रमातले गरीब कुत्रे चित्त्याला भ्याले म्हणून ऋषीने त्याला चित्ता केले; मग वाघ, मग हत्ती, मग सिंह, आणि सिंहाला शरभाची भीती वाटली तेव्हा शरभ. शरभ झाल्यावर त्याने ऋषीलाच खाण्याचा बेत केला आणि ऋषीने त्याला पुन्हा कुत्रे करून टाकले. भीष्मांनी ही कथा सांगितली ती राजाने सेवकांना कोणत्या पदावर नेमावे या प्रकरणात. आपणां नोकरपेशाच्या मंडळींनी ती मुळातून वाचावी. बढतीच्या यादीत नाव नसलेल्या वर्षी ती विशेष समाधान देते.

कालिदासाच्या मेघदूतात शरभ पुन्हा भेटतो. हिमालयावर मेघाची गर्जना ऐकून ते रागाने त्याच्यावर उड्या घेतील आणि आपलेच हातपाय मोडून घेतील, असे यक्ष सांगतो. येथे तर शरभ जवळजवळ हास्यास्पद आहे. उलट बौद्धांच्या शरभजातकात बोधिसत्त्वच शरभ झालेला आहे, आणि जो राजा त्याची शिकार करायला आला तोच खड्ड्यात पडल्यावर शरभ त्याला बाहेर काढतो. क्रूर, मूर्ख आणि कारुणिक, अशी तीन माणसे एकाच नावाने वावरावीत तसा हा प्राणी आहे. शिवाने त्याचे रूप घेतले तेव्हा त्याने एक तयार आणि सर्वपरिचित कल्पना उचलली: सिंहाला भारी असे जगात काय आहे? शरभ. मग नृसिंहाला भारी काय असेल?

या कल्पनेला दगडात आणि पूजेत प्रतिष्ठा मिळाली ती चोळांच्या राज्यात. कुंभकोणमजवळ दारासुरम येथे दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेल्या ऐरावतेश्वराच्या देवळात शरभाला स्वतंत्र स्थान आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर तिसऱ्या कुलोत्तुंगाच्या त्रिभुवनम येथील कंपहरेश्वर मंदिरातही आहे. हा सारा मुलूख पुढे तंजावरच्या भोसल्यांकडे आला आणि येथे इतिहासाने एक गंमत केली. शहाजीराजांच्या धाकट्या भावाचे नाव शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने मुले झाली म्हणून मालोजीराजांनी ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. तेच नाव तंजावरास सरफोजी झाले. कावेरीकाठच्या पंडितांनी आणि कवींनी त्याला संस्कृत वळण दिले, तेव्हा सरफोजीचा शरभोजी झाला, आणि १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या विद्याव्यासंगी दुसऱ्या सरफोजींना ग्रंथकार शरभेंद्र म्हणू लागले. त्यांच्यावरील तमिळ नृत्यनाट्याचे नाव 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' असे आहे. नगरच्या पीराचे नाव अशा रीतीने नरसिंहाला जिंकणाऱ्या शिवावताराचे नाव होऊन बसले, आणि याचे कोणाला वाईट वाटल्याचे दिसत नाही.

गंडभेरुंडाची वंशावळ याहून लांब आहे. दोन डोक्यांचा गरुड आशियामायनरमध्ये हित्तींच्या शिल्पांत ख्रिस्तापूर्वी हजारावर वर्षे कोरलेला आहे; तक्षशिलेजवळ सिरकप येथील एका स्तूपाच्या जोत्यावर तो बसलेला आहे; पुढे तो बिझान्टियमच्या, रशियाच्या आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटांच्या निशाणांवर चढला. आपल्या वाङ्मयात तो भारुंड किंवा भेरुंड या नावाने येतो. पंचतंत्रातील भारुंडाला पोट एक आणि डोकी दोन आहेत. एका डोक्याने गोड फळ दुसऱ्याला न देता खाल्ले म्हणून दुसऱ्याने सूड घेण्यासाठी विषफळ खाल्ले आणि दोघेही मेले. जैनांच्या कल्पसूत्रात मात्र महावीराची सावधता भारुंड पक्ष्यासारखी सांगितली आहे. ज्याची दोन डोकी आहेत त्याला गाफील राहून कसे चालेल? आणि एकनाथांच्या 'भारुड' या शब्दाची एक व्युत्पत्ती या द्विमुखी भारुंडापासून लावली जाते: एक तोंड प्रपंचाचे, एक परमार्थाचे. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही, पण भारुडाचा स्वभाव ती इतका अचूक सांगते की ती खोटी ठरली तरी मला तिचा मोह सुटणार नाही.

कर्नाटकात या भेरुंडाला 'गंड' हा शब्द जोडला गेला. कन्नडमध्ये गंड म्हणजे पुरुष, वीर, पती. आणि राजांच्या बिरुदांत "अमक्याचा गंड" म्हणजे अमक्याला भारी पडणारा. आजही म्हैसूरच्या वाडियार घराण्याच्या बिरुदांत हा गंड आहे. गंडभेरुंड हा शब्द ऐकताच कन्नड कानाला देवापेक्षा आधी वीर ऐकू येत असला पाहिजे.

येथे मला मास्तरांशी मतभेद व्हावासा वाटतो. गंडभेरुंड हा शरभाला उत्तर म्हणून वैष्णवांनी निर्माण केला असे धरले, तर शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावे येथे जे उभे आहे त्याचा उलगडा होत नाही. तेथील गंडभेरुंडाचा स्तंभ इसवी सन १०४७ मध्ये बनवासीचा अधिपती चामुंडरायरस याने उभारला. त्यावरचा गंडभेरुंड माणसाच्या देहाचा आणि दोन पक्षिमुखांचा आहे. आणि हा स्तंभ विष्णूपुढे नव्हे, शिवापुढे उभारलेला आहे! चामुंडरायाला त्या पक्ष्यात शिवाचा वैरी दिसला असता तर त्याने तो शिवाच्या दारात कशाला उभा केला असता? त्याला दिसले ते अजिंक्य बळ, आणि ते त्याने देवाच्या चरणी वाहिले.

बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची साक्ष याहून बोलकी आहे. होयसळ विष्णुवर्धनाने १११७ मध्ये प्रतिष्ठापना केलेले हे विष्णूचे देऊळ. आणि याच विष्णुवर्धनाने चोळांच्या छळामुळे आलेल्या रामानुजांना आश्रय दिला, असे परंपरा सांगते. पंथद्वेष दाखवायचाच तर याहून योग्य जागा नाही. तेथे एका शिल्पात भक्ष्य-भक्षकांची साखळी कोरली आहे. एक लहानसा जीव सापाच्या तोंडात, साप हत्तीच्या सोंडेत, हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ आणि शरभावर गंडभेरुंड. शरभ येथे हरलेला आहे हे खरे. पण हत्ती आणि साप कोणत्या पंथाचे? शिल्पकाराला शैवांची खोड मोडायची असती तर त्याने ती साखळी उंदरापासून सुरू केली नसती. त्याच शिल्पात बाजूला एक ऋषी आश्चर्याने हे सारे पाहत उभा आहे. मला वाटते, तो शांतिपर्वातला ऋषी असावा. कुत्र्याला शरभ करून पस्तावलेला.

पुढे तुंगभद्रेकाठच्या विजयनगरात गंडभेरुंड नाण्यावर आला. अच्युतदेवराय (१५२९-१५४२) याच्या सोन्याच्या नाण्यांवर तो चोचींत आणि नखांत हत्ती धरून उडतो आहे. विजयनगर मोडल्यावर तिच्या मांडलिकांनी दागिन्यांची वाटणी करावी तसा हा पक्षी वाटून घेतला. केळदीचे नायक शैव, वीरशैव परंपरेतले. त्यांच्या रामेश्वराच्या देवळात छतावर गंडभेरुंड आहे. म्हैसूरचे वाडियार चामुंडीचे भक्त. त्यांचे राजचिन्ह गंडभेरुंड. शैव, शाक्त आणि वैष्णव अशा तिन्ही घरांत जो सुखाने नांदतो त्याला एका पंथाचा हस्तक कसे म्हणावे? कथा मागाहून आली, आणि कथेने तयार प्राणी उचलले.

हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रातील किल्ल्यांकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिवनेरीच्या दरवाजावर शरभ आहे. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशी होडी लागते तेव्हा समोरच्या भिंतीत एक श्वापद दिसते. त्याने चार पायांत चार, तोंडात एक आणि शेपटीत एक असे सहा हत्ती पकडले आहेत. हे हत्ती म्हणजे सिद्दीने पाण्यात पाहिलेल्या निरनिराळ्या सत्ता, असा अर्थ सांगितला जातो आणि प्रवासी मान डोलावतात. परंतु हत्ती नखांत धरलेला प्राणी हा अच्युतरायाच्या नाण्यावरचाच विषय आहे. बिदरच्या किल्ल्यात १५०३ साली बांधलेल्या दरवाजावर दोन वाघ कोरलेले आहेत. त्याचे नाव शर्झा दरवाजा. विजापूरच्या ज्या बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे त्याचेही नाव शर्झा बुरूज. ती तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, आणि तिचे तोंड म्हणजे एका विक्राळ प्राण्याचा उघडा जबडा असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जात आहे. सिद्दी, बहामनी, निजामशाही, आदिलशाही, विजयनगर, सर्वांच्या दारावर एकाच जातीचे पहारेकरी! दगडातल्या प्रत्येक हत्तीला आजच्या सोयीचे नाव देऊन त्याला कोणत्या तरी धर्माचा किंवा राज्याचा प्रतिनिधी ठरवण्याची जी घाई अलीकडे दिसते, तिला या दरवाजांचा आधार नाही. दारावर असे काही बसवावे की येणाऱ्याची पावले क्षणभर थबकावीत, ही सर्वांचीच गरज होती. प्राण्याने शिवाचा अवतार असावे की फारसी शर्झा, हा पुढचा प्रश्न.

तरीही केवळ दरारा म्हणून ही कल्पना सोडून देता येत नाही. मुळात देवाने राक्षसी देह घ्यावा आणि मग त्याच्याहून राक्षसी देहाची गरज पडावी, ही जी साखळी आहे ती माणसाच्या मनात खोल कोठेतरी असली पाहिजे. कारण ती आपल्याशी संबंध नसलेल्या ठिकाणीही पुन्हा उगवते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गॉडझिला' हा चित्रपट जपानात प्रदर्शित झाला. अणुस्फोटाने जागा झालेला, तोक्यो तुडवणारा सरडा. त्याला मारण्यासाठी बाँबहूनही भयंकर अस्त्र लागते, आणि ते अस्त्र शोधणारा शास्त्रज्ञ आपले ज्ञान जगाच्या हाती पडू नये म्हणून त्याच्याबरोबर स्वतःही मरतो. मूळ चित्रपटात एवढे गांभीर्य होते. पण पुढे त्याच्यापुढे दुसरा प्राणी उभा करावा लागला, मग तिसरा. आणि १९६४ मध्ये आकाशातून तीन डोक्यांचा गिडोरा आला तेव्हा हाच गॉडझिला माणसांच्या बाजूने लढू लागला. दहा वर्षांत संहारकाचा रक्षक झाला. पुराणांना याला काही शतके लागली, एवढाच फरक.

बायबलच्या ईयोबाच्या ग्रंथातही बेहेमोथ आणि लिव्याथान असे दोन प्रचंड प्राणी आहेत. परंतु तेथे देव आणि राक्षसी प्राणी यांच्यातील अंतर कायम आहे. देव ईयोबाला विचारतो, तुला हा आवरता येईल काय? तो मला आवरतो, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. येथे स्वतः देवच अनावर झाला आहे, आणि त्याला आवरण्यासाठी दुसरा देव, एखादी देवी, किंवा एखादे मूल पुढे करावे लागते. शक्ती ही चांगल्या हेतूने उगारलेली असली तरी हेतू संपल्यावर ती आपोआप म्यान होत नाही, हे ज्यांनी राज्ये पाहिली होती त्यांना पुरते ठाऊक होते. शरभाची कथा शैवांनी वैष्णवांना हिणवण्यासाठी वापरली असेल. पण तिच्यातली भीती खरी आहे.

आज कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर मध्यभागी ढालीत पांढरा गंडभेरुंड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लाल आयाळीचे, हत्तीच्या तोंडाचे दोन सिंह मागच्या पायांवर उभे आहेत. त्यांना शरभ म्हणतात. वर अशोकाचे सारनाथचे सिंह. ज्याला फाडण्यासाठी जो जन्मला असे पुराण सांगते, ते दोघे सरकारी कागदाच्या माथ्यावर एकमेकांना टेकून उभे आहेत, खाली 'सत्यमेव जयते'. म्हैसूर विद्यापीठाच्या मुद्रेवरही हाच पक्षी आहे. बसवर, पाणीपट्टीच्या बिलावर, तहसिलीतल्या दाखल्यावर हे चित्र रोज लाखो हातांतून जाते आणि कोणी त्यावरून भांडत नाही. काहींना ही धर्मभावनेची पातळ झालेली अवस्था वाटेल. मला तसे वाटत नाही. पण हेही कबूल केले पाहिजे की त्या मुद्रेकडे पाहून कोणाचे पाऊल आता थबकत नाही.

ते थबकते हंपीला. कृष्णदेवरायाने १५२८ मध्ये एकाच शिळेतून घडवलेला, सुमारे २२ फूट उंचीचा नरसिंह तेथे उघड्यावर बसला आहे. बटबटीत डोळे, फाकलेला जबडा, माथ्यावर शेषाच्या फणा. पुष्कळ दिवस लोक त्याला उग्रनरसिंह म्हणत आले. तो उग्र नव्हता. तो लक्ष्मीनरसिंह होता. मांडीवरची लक्ष्मी विजयनगराच्या विध्वंसात फोडली गेली, आणि तिच्याबरोबर त्याची शांतीही गेली. ज्या रूपापुढे भागवतातली लक्ष्मी बिचकली होती, त्याच्याच मांडीवर विजयनगरच्या शिल्पकाराने तिला बसवले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्व खात्याने मूर्तीची डागडुजी केली तेव्हा दोन्ही गुडघ्यांना बांधणारा योगपट्ट नव्या दगडात बसवला. म्हणून आज तो दुरून योगनरसिंहासारखा दिसतो, म्हैसूरच्या विजयनगरातल्या देवासारखा. लक्ष्मी पुन्हा घडवली नाही. परंतु मूर्तीला वळसा घालून मागे गेले की देवाच्या पाठीवर टेकलेला तिचा हात अजून तेथे दिसतो.